बामगोलच्या कारभाऱ्यांचा डावा डोळा

बामगोलमध्ये कोंबड्याच्या आधी प्यो जोंगदल आरवतो, असं म्हातारे म्हणायचे आणि त्यात काही खोटं नव्हतं. गावचा कारभार त्याच्याकडे येऊन बरीच वर्षं झाली होती. चावडीच्या छपरावर भोंगा आणि भोंग्याचं यंत्र जोंगदलच्या स्वयंपाकघरात, भाताच्या कुकरशेजारी. उजाडलं की हा गडी चूळ भरून, घसा खाकरून बसलाच त्याच्यासमोर. खताच्या गोण्या आल्या, दवाखान्याची गाडी येणार, कुणाचा कुत्रा सुटून कुणाच्या मुळ्यांत शिरला, सगळं त्यावर. सगळा गाव त्याला कारभारी म्हणायचा. बायको मालसून एरवी ‘कीबोमचे बाबा’ म्हणायची, पण रागात असली की तीही कारभारी म्हणे, आणि मग त्या दिवशी जेवणात तिखट जास्त.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ते विसरायला होईल. बापाने उघड्या टेकडीवर चेस्टनटची रोपं लावली तेव्हा हा पाठीवर पाणी वाहत होता. तरुणपणी लांब इंचॉन शहरातल्या कारखान्यात जाऊन आला, तिथे जीव रमला नाही, परत आला. जिवलग दोस्त होता ग्वाक नावाचा, त्याच्यापेक्षा वयाने मोठा, म्हणून हा त्याला दादा म्हणे. दोघांनी मिळून गावातल्या निम्म्या झाडांना कलमं बांधली. दादा गेला तेव्हा शेवटी शेवटी एवढंच म्हणाला की वहिनीकडे लक्ष ठेव. वहिनीचं माहेर ओकचनचं, म्हणून गाव तिला ओकचनवाली म्हणायचा. बुटकी, अबोल बाई. मुलगी लांब कुठे तरी दिलेली. जोंगदल तिच्या छपराची कौलं बघायचा, हिवाळ्यासाठी मीठ लावून मुरवायच्या कोबीचे गड्डे पोचवायचा. लक्ष ठेवायचा.

पण जिभेला हाड नव्हतं.

सप्टेंबरात बोंडं फुटायला लागली की टेकडीवर जीव मुठीत धरून फिरावं लागतं. चेस्टनटचं बोंड म्हणजे चारी बाजूंनी सुया. ती सुई डोळ्यात गेली तर टोक आत मोडून राहतं, आणि काट्यावरची बुरशी डोळ्यात घर करते. दर वर्षी आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावात एक डोळा जातोच. म्हणून शेतकी सोसायटीने जाड काचेचे, कडेने बंद असे चष्मे दिले होते. जोंगदलने ते घरोघर वाटले आणि मग भोंग्यावर त्यांचा घोष लावला. चष्मा घाला, चष्मा घाला. तेवढ्यावर थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. तो नावं घ्यायचा. काल खालच्या आळीतला अमका उघड्या डोळ्यांनी काठी चालवत होता, डोळे जास्त झाले असतील तर सोसायटीत जमा करावेत. लोक भात खाता खाता हसायचे, ज्याचं नाव निघालं तो चार दिवस मान खाली घालून फिरायचा आणि चष्मा घालायचा. जोंगदलला वाटायचं, बघा, कसा उपयोग झाला.

गेल्या शरदात एका सकाळी त्याने ओकचनवालीचं नाव घेतलं होतं. वहिनी काल बिनचष्म्याच्या दिसल्या, वयाच्या मानाने डोळे अजून सुंदर आहेत, दाखवायचे असतील तर जत्रेत दाखवा, टेकडीवर नको. गाव लोटपोट हसला. आठवडाभर पोरं तिला बघून तेच म्हणत होती. जोंगदललाही आपला विनोद फार आवडला होता.

आणि स्वतः कारभारी? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. त्या चष्म्यावर वाफ धरते. चढण चढलं, घाम आला की समोर नुसतं धुकं. जोंगदल घरातून निघताना चष्मा डोळ्यांवर घालायचा, पहिल्या वळणावर तो टोपीवर सरकवायचा, आणि उतरताना त्याच वळणावर परत डोळ्यांवर. आपल्याला काय, जन्म गेला या झाडांत, बोंड पडायच्या आधी आवाज येतो, असं त्याचं म्हणणं. हे तो कुणाला सांगत नव्हता, पण स्वतःला रोज सांगायचा.

छुसकचा, म्हणजे पितरांना सुगीचं ताट वाढायचा सण चारपाच दिवसांवर आला होता. पितरांच्या ताटातले चेस्टनट प्यो घराण्यात विकतच्या पोत्यातले चालत नाहीत. बापाने लावलेल्या सगळ्यांत जुन्या झाडाचे, घरच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने पाडलेले लागतात. जोंगदल एकटाच वर गेला. चष्मा टोपीवर. मान वर करून लांब काठीने फांदी झोडली, आणि जन्मभर ऐकू येणारा तो आवाज त्या दिवशी काही आला नाही. बोंड सरळ डाव्या डोळ्यावर बसलं.

बराच वेळ तो झाडाखाली डोळा दाबून बसून राहिला. दुखणं तर होतंच, पण खरं सांगायचं तर मनात पहिला विचार डोळ्याचा आलाच नाही. पहिला विचार आला तो भोंग्याचा. आता गाव काय म्हणेल? ज्यांची ज्यांची नावं घेतली ते सगळे त्याच्या डोळ्यासमोर ओळीने उभे राहिले, आणि सगळे हसत होते.

घरी येऊन त्याने न्हाणीघराच्या आरशात बघून बायकोच्या चिमट्याने दिसले तेवढे काटे काढले. दिसले तेवढेच. बायकोला म्हणाला, चिलट गेलं. मालसूनच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचं थेंबांचं औषध फ्रिजमध्ये उरलं होतं, ते गुपचूप घालायला लागला. आणि गंमत अशी की दोन दिवसांत लाली उतरली, ठणका कमी झाला. हा खूश. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत रोज सकाळी भोंग्यावर बसून, त्या तसल्या डोळ्याने, गावाला चष्म्याचं महत्त्व सांगत राहिला. लाज वाटत नव्हती असं नाही. वाटत होती, पण ती पकडली जायची वाटत होती. केल्याची वाटायला अजून अवकाश होता.

सणाच्या सकाळी मुलगा कीबोम, सून, नातवंडं, चुलत घरचे, सगळे नवे कपडे घालून पितरांसमोर उभे. घरातला थोरला म्हणून पहिला पेला जोंगदलने भरायचा. त्याने दोन्ही हातांनी किटली उचलली, नेम धरला आणि भाताची दारू पेल्याशेजारी ओतली. पांढऱ्याशुभ्र कापडावर ती पसरत सोंगप्यनच्या, म्हणजे तांदळाच्या करंज्यांच्या ताटापर्यंत गेली. त्याने परत ओतली, ती परत बाहेर. एका डोळ्याने पेला कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच त्याला कळेना. बापाच्या, आज्याच्या नावाच्या पाट्यांसमोर, सगळ्या भाऊबंदांसमोर असा हात चुकलेला माणूस त्या घराण्यात आजवर झाला नव्हता. सुनेने पुढे होऊन त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला. बुबुळावर पांढरा ठिपका धरला होता आणि त्याच्यामागे सगळं गढूळ.

देजॉनच्या मोठ्या इस्पितळात डोळ्याच्या डॉक्टर होत्या यॉमबाई. चाळिशीच्या असतील, बोलणं हळू, पण प्रश्न असे विचारायच्या की माणसाला खुर्ची टोचावी. त्यांनी विचारलं, चष्मा होता का? जोंगदल म्हणाला, होता की. काटा कडेच्या फटीतून आत शिरला. त्यांनी विचारलं, कुठलं औषध घातलं? जोंगदल म्हणाला, कुठलंच नाही. त्या लिहून घेत होत्या. मालसून शेजारी बसली होती. तिने न बोलता पिशवीत हात घातला आणि फ्रिजमधली ती बाटली टेबलावर ठेवली. ती सगळं ओळखून होती.

यॉमबाईंनी बाटली उचलून वाचली. मग म्हणाल्या, “बाबा, या औषधाने सूज दबते, म्हणून बरं वाटलं. पण बुरशीला हे खत आहे. मी हे विचारते ते रागवायला नाही, उद्या ऑपरेशनात आत काय सापडणार ते मला माहीत हवं म्हणून विचारते.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जोंगदल आपल्या चपलांकडे बघत राहिला.

मग त्यांनी समजावलं, जसं गाडीच्या दुरुस्तीचं काम समजावतात तसं. डोळ्याची पुढची काच, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, तो कुजलाय. त्यामागचं भिंग काट्याने फोडलंय. आणि त्याही मागे जो जेलीसारखा रस असतो त्यात पू उतरलाय. तिन्ही एकदमच करावी लागणार, कारण नुसती काच बदलली तर मागचा पू ती परत खाईल, आणि मागचा पू काढायचा तर कुजलेल्या काचेतून आतलं दिसणार कसं? तेव्हा कुजलेली काच गोल कापून काढायची, तिथे तात्पुरती प्लास्टिकची काच बसवायची, तिच्यातून बघत बघत भिंग आणि घाण रस काढायचा, आतला पडदा फाटला असेल तर तो चिकटवायचा, आणि शेवटी प्लास्टिक काढून कुणीतरी मेल्यावर दान केलेली खरी काच टाके घालून शिवायची. नवं भिंग आता बसवायचंच नाही, बुरशी गेल्याची खात्री झाल्यावर बघू. नजर परत येईल असं मी म्हणत नाही, म्हणाल्या, डोळा जागेवर राहिला आणि उजेड कळला तरी मी देवाचे आभार मानीन. दानाची काच आपल्या देशात मिळायची म्हणजे वर्षानुवर्षं वाट, पण परदेशातून आलेली एक सुदैवाने शिल्लक आहे.

कुणा मेलेल्या परक्या माणसाने डोळे दिले. देताना त्याने विचारलं नाही की घेणाऱ्याने चष्मा घातला होता का. हा विचार जोंगदलच्या मनात आला आणि त्याने तो लगेच ढकलून दिला.

ऑपरेशनला जाण्याआधी त्याने बायकोला बजावलं की गावातून फोन आले तर काय सांगायचं. चष्मा होता, काटा फटीतून गेला. मालसूनने एकदा त्याच्याकडे बघितलं. पण ऑपरेशनला निघालेल्या माणसाशी वाद काय घालायचा? तिने शेजारणीला तसंच सांगितलं. आणि शेजारणीला सांगितलेलं म्हणजे गावाला वेगळं सांगावं लागत नाही.

ऑपरेशन लांबलं, पण झालं. यॉमबाईंना आत फाटलेला पडदा सापडला. तो दाबून धरायला त्यांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो, म्हणून माणसाने पालथं राहायचं. तोंड वर केलं तर तोच बुडबुडा नव्या शिवलेल्या काचेला येऊन भिडणार. तेव्हा जेवताना मान खाली, शौचाला जाताना मान खाली, झोपताना पालथं, तोंडासाठी खाटेला आणि गादीला आरपार भोक. ज्या माणसाने आयुष्यभर गावाला वरून सुनावलं, त्याला आता इस्पितळाची फरशी आणि येणाऱ्याजाणाऱ्यांची पावलं तेवढी दिसत होती. पावलांवरून तो माणसं ओळखायला शिकला. यॉमबाईंचे पांढरे बूट, बायकोचे ढगळ मोजे, जेवण आणणाऱ्या बाईच्या फटफटणाऱ्या सपाता.

मग एका दुपारी मालसून खाली जेवायला गेलेली असताना गादीच्या भोकाखाली जांभळे रबरी बूट येऊन थांबले. बामगोलच्या चिखलाने माखलेले. हे बूट त्याने कालवाजवळ, कोबीच्या वाफ्यात, दादाच्या मातीला उभे असलेले बघितले होते. तो म्हणाला, वहिनी, एवढ्या लांब कशाला आलात? बस बदलून बदलून यावं लागतं.

स्टूल ओढायचा आवाज आला, पण ओकचनवाली स्टुलावर बसली नाही. ती त्याच्या गादीखाली फरशीवर बसली आणि मान वाकडी करून भोकातून त्याच्याकडे बघायला लागली. तोंड फिरवायची सोय नव्हती. कुणी एवढ्या जवळून आपल्याकडे बघावं आणि आपल्याला मानही हलवता येऊ नये, असं त्याच्यावर जन्मात आलं नव्हतं. मोतीबिंदू झाला म्हणून गेल्या वर्षापासून ती घालत होती तो गडद रंगाचा चष्मा तिने काढून मांडीवर ठेवला. त्याने उघड्या राहिलेल्या डोळ्याने बघितलं. तिचा उजवा डोळा पांढराफटक होता, शिजलेल्या माशाचा असतो तसा.

वहिनी, हा मोतीबिंदू नाही, तो म्हणाला.

नाही, ती म्हणाली. गेल्या वर्षी तुम्ही भोंग्यावर माझे डोळे सुंदर आहेत म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशीचं आहे.

तिने सगळं सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. त्या दिवशी चष्मा घातला होता, वाफ धरली, पुसायला क्षणभर काढला आणि तेवढ्यात बोंड पडलं. डोळा दाबून ती घरी आली. शेजारणीला हाक मारायला दारापर्यंत गेली, तर बाहेर पोरं जत्रेचा तोच विनोद करत होती. काल सगळ्या गावासमोर नाव निघालं आणि आज डोळा फुटून आली, असं म्हणतील, कारभारी म्हणालेच होते, असं म्हणतील. तिने दार आतून लावून घेतलं. मिठाच्या पाण्याने धुतला. हंगाम संपल्यावर चोंगजूच्या इस्पितळात कुणाला न सांगता जाऊन आली, तर डॉक्टर म्हणाला, बाई, आता काय आणलंत? गावाला तिने सांगितलं मोतीबिंदू आहे, वय झालं. गावाने मानलं. म्हातारीच्या डोळ्यात कोण निरखून बघतंय?

तुम्ही तर दर आठवड्याला यायचात, ती म्हणाली, कौलं बघायला.

दादाने सांगितलं होतं, वहिनीकडे लक्ष ठेव. वर्षभर त्या अंगणात उभा राहून जोंगदलने कौलं मोजली, गटार बघितलं, कोबी बघितला. पलीकडे बसलेल्या बाईचा एक डोळा गेलाय हे दिसलं नाही. आणि का गेला हे तर... वाटलं, मेलो असतो तर बरं झालं असतं. डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि नर्सने सांगितलं होतं की रडायचं नाही, तर तेही करता येईना.

तो म्हणाला, “वहिनी, मला क्षमा करा.”

“ती घेऊन काय करणार तुम्ही?” ओकचनवाली म्हणाली. “माझा डोळा गेला तो गेला. मी त्यासाठी बस बदलत आले नाही. तुम्ही इथे पडलात म्हणून सावडीने तुमच्या टेकडीवर माल काढतायत सगळे, ठाऊक आहे? आणि एकाच्याही डोळ्यावर चष्मा नाही. म्हणतात, कारभाऱ्यांचा चष्मा होता तरी डोळा गेला, मग तो वाफेचा डबा कशाला घालायचा? दोघांनी तर कचऱ्यात टाकलाय. मला माहीत आहे तुमचा चष्मा कुठे असतो ते. त्या वळणाच्या वरच माझं वावर आहे, दोन वर्षं बघतेय. गेल्या वर्षी मी लाजेपायी डोळा घालवला, यंदा तुम्ही घालवलात. आता तिसरा कुणाचा, तेवढं सांगा.”

त्याच्याच टेकडीवर, त्याचीच बोंडं, त्याच्याचसाठी, उघड्या डोळ्यांनी. जोंगदलने डोळा मिटून घेतला.

तो म्हणाला, मी सांगतो. भोंग्यावर सांगतो. तुमच्यावर मी काय अन्याय केला तेही सगळ्यांसमोर सांगतो.

ओकचनवालीने चष्मा परत चढवला. “माझं नाव घ्यायचं नाही,” ती म्हणाली. “एकदा घेतलंत तेवढं पुरे.” आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. पिशवीतून उकडलेल्या रताळ्यांचा डबा काढून कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग ते जांभळे बूट गेले.

मालसून वर आली तेव्हा त्याने तिला विनवलं की तूच फोन करून शेजारणीला खरं काय ते सांग. वहिनीचं काही बोलला नाही. मालसूनने त्याच्या पाठीवरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाली, “तुमच्यासाठी एकदा खोटं बोलले. आता खरंही मीच बोलू का?”

झालं. आता पळायला वाट नव्हती.

गावच्या भोंग्याला हल्ली मोबाइलवरूनही बोलता येतं, ठरलेला नंबर लावला की झालं. उजाडताना मालसूनने गादीखाली बसून फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. तिकडे बामगोलमध्ये चावडीवर नेहमीची धून वाजली असेल, लोक भाताच्या वाडग्यावरून मान वर करत असतील. जोंगदलने नेहमीसारखा घसा खाकरला.

तो म्हणाला, “मी प्यो जोंगदल बोलतोय. आज एकाचं नाव घ्यायचं आहे. प्यो जोंगदल. त्याच्या डोळ्यावर चष्मा नव्हता. टोपीवर होता. रोजच टोपीवर असायचा. फटीतून काटा गेला हे त्याने इस्पितळात रचून सांगितलं. लाजेपायी डॉक्टरकडे गेला नाही, बायकोचं औषध चोरून घातलं, आणि आता पालथा पडलाय. चष्मा घाला. वाफ धरली तर झाडापासून लांब जाऊन पुसा. आणि काटा लागला तर त्याच दिवशी सांगा. कुणी हसणार नाही. कुणी हसलंच तर...”

इथे तो थांबला. पुढचं सगळं ओठावर होतं. माझ्या हसण्याने एका माणसाचा डोळा गेलाय, एवढंच म्हटलं असतं तरी भार उतरला असता. पण एवढं म्हटलं असतं की गावाने विचारलं असतं, कुणाचा? आणि बामगोल केवढं? दुपारपर्यंत कुणीतरी तो गडद चष्मा आठवून बोट दाखवलंच असतं. त्याने ते गिळलं. “तर माझ्यावर हसा,” म्हणाला, आणि मालसूनला फोन बंद करायला सांगितलं.

त्या हंगामात बामगोलमध्ये आणखी कुणाचा डोळा गेला नाही. कचऱ्यातले चष्मे धुऊन परत आले.

यथावकाश बुडबुडा विरला, मान वर करायची परवानगी मिळाली. यॉमबाईंनी डोळ्यासमोर हात हलवला तो त्याला हललेला कळला. बोटं किती ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, हे पुष्कळ आहे. जोंगदललाही ते पुष्कळ वाटलं, जरुरीपेक्षा जास्त वाटलं. गावात एक डोळा असा होता की त्याला एवढंही कळत नव्हतं, आणि त्याच्यासाठी परदेशातून कुणाची काच आली नव्हती.

तो गावी परतला तेव्हा माल उतरून सोसायटीच्या शेडमध्ये निवडणी चालली होती. त्याला बघून सगळे उठले. त्याला वाटलं होतं, हसतील. ते हसणं सोसायची त्याने तयारी करून ठेवली होती, मनातून जवळजवळ वाटच बघत होता. पण कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी त्याचे हात हातात घेतले. ज्यांची नावं त्याने कधीकाळी भोंग्यावर उधळली होती, तेच म्हणायला लागले की कारभारी, एवढ्या गावासमोर स्वतःचं चुकलं म्हणायला वाघाचं काळीज लागतं. असा माणूस पंचक्रोशीत नाही. सोसायटीचा साहेब मुद्दाम थांबला होता. तो म्हणाला, पुढच्या वर्षी गावोगाव सभा घेऊ, तुम्ही या आणि हेच सांगा, तुमच्यासारख्याच्या तोंडून लोक ऐकतात. कुणीतरी दारूचा पेला भरून त्याच्या हातात दिला. टाळ्यासुद्धा वाजल्या.

जोंगदलला त्या टाळ्यांनी मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घातल्या असत्या तर निदान काही फिटल्यासारखं वाटलं असतं. निम्मं कबूल केलं होतं, आणि गाव त्याला पूर्ण कबुलीची शाबासकी देत होता. तोंड उघडावं तर तिचं गुपित फुटणार, न उघडावं तर हा मोठेपणा अंगावर चढत जाणार.

ओकचनवाली लांबच्या टोकाला निवडायला बसली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने हातातलं काम थांबवलं नाही. पुढ्यातल्या सरकत्या पट्ट्यावरून चेस्टनट जात होते, किडका दिसला की ती तो उचलून बादलीत टाकायची. तेवढ्यात तिच्या उजव्या बाजूने एक चांगला मोठा, भोक पडलेला दाणा तसाच पुढे निघून गेला. मग आणखी एक. शेजारी बसलेल्या पाकांच्या सुनेने ते उचलले आणि हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काय हो आजी, एवढाले किडके सोडता? झोपलात की काय?”

सगळं शेड हसलं. कुणीतरी म्हणालं, आजीला आता नातवंडं सांभाळायला पाठवा. ओकचनवालीही हसली. “वय झालं गं बाई,” म्हणाली, आणि स्टूल थोडं उजवीकडे वळवून पुन्हा निवडायला लागली.

सगळे जोंगदलकडे बघत होते, कारभारी आता यावर काय बोलतात म्हणून. अशा वेळी तो काहीतरी बोलायचाच. जोंगदलने पेला तोंडाला लावला आणि तो संपला तरी खाली घेतला नाही.